गाडी सांगलीत, ओटीपी बंगळुरात

बाहेरच्या राज्यातून जुनी इलेक्ट्रिक गाडी आणायची म्हटलं की लोकांना आधी आरटीओची धास्ती वाटते. सांगलीच्या एका प्राध्यापक दांपत्याच्या बाबतीत आरटीओचं काम रखडत का होईना, पार पडलं. अडलं ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. वॉरंटी शिल्लक होती, बिघाड वॉरंटीत बसणारा होता, तरी गाडी ऐन पावसाळ्यात तीन-चार आठवडे नुसती उभी राहिली. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम मी करतो, म्हणून हे प्रकरण कागदांच्या फायलीसकट माझ्याकडे आलं. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे. गाडीचं आणि कंपनीचं नाव देत नाही. असा घोळ इतर कंपन्यांच्या काउंटरवरही होताना पाहिला आहे.

सौदा

गाडी जानेवारी 2022 मध्ये बंगळुरात नोंदलेली, एकहाती वापरलेली, 41 हजार किलोमीटर चाललेली. मालक मूळचा मिरजेचा, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. घरात मोठी गाडी आली म्हणून ही काढायची होती. सरांच्या मेहुण्याच्या ओळखीतून बोलणं झालं. सांगली-कोल्हापुरात अशी गाडी शोधून सापडत नव्हती आणि पुण्यात सापडली तर भाव लाखभर चढा. फेब्रुवारी 2025 मध्ये सव्वा नऊ लाखांत सौदा ठरला. सर आणि मेहुणा बंगळुरूला गेले आणि चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव अशी चार्जिंग करत सहाशेहून जास्त किलोमीटर गाडी स्वतः चालवत घेऊन आले. वाटेत काहीही कुरकुर नाही.

कराच्या बाबतीत त्यांचं गणित बरोबर होतं. पेट्रोल गाडी परराज्यातून आणली की इथे उरलेल्या आयुष्याचा कर भरा आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळवायला खेटे घाला, असा दुहेरी ताप असतो. विजेच्या गाडीला 2022 मध्ये कर्नाटकात आजीवन कर माफ होता, त्यामुळे परताव्याचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्राने 2021 च्या धोरणात मोटार वाहन कर माफ केला आणि 2025 च्या नव्या धोरणातही माफी ठेवली. नोंदणी प्रमाणपत्र आणि नवा क्रमांक यांचं शुल्कही केंद्राने ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या वाहनांना माफ केलं आहे. सांगलीच्या एजंटने सुरुवातीला भलताच आकडा सांगितला होता; अधिसूचनेची प्रत पुढे केल्यावर तो आपल्या फीवर आला.

सर भौतिकशास्त्राचे. बॅटरीची तब्येत सांगणारा रिपोर्ट त्यांनी बंगळुरातल्या अधिकृत वर्कशॉपमधून काढून घेतला, टायरची तारीख पाहिली, गाडी खालून पाहिली, बॅटरीच्या आवरणाला दगडाचा मार लागलाय का तेही टॉर्च मारून तपासलं. वॉरंटीचं पुस्तक वाचलं. तीन वर्षांची मूळ वॉरंटी महिन्यापूर्वीच संपली होती, पण मालकाने पैसे भरून दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतलेली. बॅटरी आणि मोटरची वॉरंटी वेगळी, आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे जानेवारी 2030 पर्यंत निर्धास्त. आणि पुस्तकात स्पष्ट छापलेलं, की उरलेल्या मुदतीची वॉरंटी पुढच्या मालकाला लागू राहील.

हे शेवटचं वाक्य पाहणं फार महत्त्वाचं, आणि नव्या गाड्यांच्या बाबतीत तर आणखीच. हल्ली 'लाइफटाइम बॅटरी वॉरंटी'चे फलक लागतात, पण ते आयुष्य बहुधा पहिल्या मालकापुरतं असतं. एमजी विंडसरची वॉरंटी पहिल्या मालकाला आजीवन आहे, गाडी विकली की ती आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरवर येते. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई यांची मालक बदलल्यावर दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर. जुन्या गाडीची जाहिरात करणारा मात्र 'लाइफटाइम' एवढाच शब्द पुढे करतो.

कागद कुठे अडले

पैसे दिले, गाडी आली, फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे विक्रीच्या आणि नावबदलाच्या अर्जांवर, सह्या झाल्या. आता बंगळुरूच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म 28, आणायचा आणि तो घेऊन सांगलीत नावबदल व एमएच 10 चा नवा क्रमांक. कायदा इथे थोडा विनोदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि गाडी परराज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याला ना-हरकत वगैरे पाठवायला 45 दिवस. म्हणजे ज्याच्या हातात कागदच आलेला नाही त्याची मुदत आधी संपते!

या प्रकरणात 45 दिवसही पुरले नाहीत. मालकाने कर्ज दोन वर्षांपूर्वीच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. फॉर्म 35 वर बँकेची सही आणि शिक्का घेऊन तो उतरवल्याशिवाय ना-हरकत मिळत नाही. बँकेने आधी जुन्या शाखेत पाठवलं. मग फॉर्म 28 वर चॅसिस नंबरची पेन्सिलीने काढलेली छाप हवी, आणि चॅसिस तर सांगलीत. सरांनी नंबरावर पारदर्शक टेप लावून, पेन्सिल घासून, तीन छाप काढल्या आणि कुरिअरने बंगळुरूला पाठवल्या. ना-हरकत दाखला निघाला तो जूनच्या अखेरीला.

तोवर गाडी केए क्रमांकावरच फिरत होती आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा क्रमांक घ्यावा लागतो. विमा सरांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घेतला होता, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. आरसी मात्र विकणाऱ्याच्याच नावाची, आणि कंपनीच्या संगणकातही मालक तोच.

कासव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅडम विट्याहून परत येत होत्या. तासगावच्या अलीकडे चार्ज 24 टक्के दाखवत होता, तो चढावर एकदम 9 झाला, डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलं आणि गाडी दम लागल्यासारखी चालायला लागली. कशीबशी घरी आणली. रात्रभर चार्ज केली, सकाळी शंभर टक्के, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

गाडीतली बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची. या रसायनाचं व्होल्टेज ऐंशी टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत किती वीज उरली याचा अंदाज संगणकाला व्होल्टेजवरून नीट येत नाही. सतत जलद चार्जरवर अर्धवट चार्ज केलं की तो अंदाज चुकत जातो. अधूनमधून घरच्या संथ चार्जरवर पूर्ण शंभर टक्के केलं की सेल एका पातळीला येतात आणि हिशेब जुळतो. वर्कशॉपने फोनवर तेच सुचवलं, आणि पहिला उपाय म्हणून ते योग्यच होतं. सरांनी सलग करून पाहिलं. फरक पडला नाही. म्हणजे अंदाज चुकण्यापलीकडचं काहीतरी होतं. एखादा सेल किंवा मॉड्यूल (सेलांचा गठ्ठा) बाकीच्यांच्या आधी रिकामा होत असणार. ज्याचं व्होल्टेज सगळ्यांत आधी कोसळतं, त्याच्यावरून संगणक अख्खी बॅटरी संपली असं धरतो.

सांगलीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. सर्व्हिस अॅडव्हायझर तरुण मुलगा, बोलायला गोड. त्याने नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, सिस्टीमला कस्टमर दुसरेच दिसतात. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेलाय, तेवढा घ्या ना."

ओटीपी आल्याशिवाय जॉबकार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची नोंद, उघडत नाही. जुना मालक त्या काळात आपल्या नोकरीच्या कामाने अमेरिकेत, भारतातलं सिम बंद. रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर संपर्क झाला, पण सिम बंद असताना ओटीपी येणार कुठून? सरांनी फॉर्म 29-30 दाखवले, ना-हरकत दाखला दाखवला, विमा दाखवला. मुलगा मॅनेजरकडे जाऊन आला. "सर, आरसी तुमच्या नावावर झाली की लगेच करू. तोपर्यंत वॉरंटीत घेता येणार नाही. अर्जंट असेल तर पेडमध्ये टाकू का?"

या 'पेडमध्ये टाकू का' पाशी बरेच लोक घसरतात. गाडी अडलेली असते, माणूस कंटाळलेला असतो, वाटतं की तपासणीचे दोन-तीन हजार देऊन मोकळं व्हावं. पण एकदा जॉबकार्ड पैसे भरून उघडलं की कंपनीच्या नोंदीत ते काम वॉरंटीबाहेरचं ठरतं आणि पुढे दावा करताना तीच नोंद आपल्यासमोर ठेवली जाते. सरांनी नाही म्हटलं, हे नशीब.

दुसऱ्या खेपेला आणखी एक हरकत निघाली. स्टिअरिंगखालच्या फ्यूजबॉक्समधून जुन्या मालकाने डॅशकॅमसाठी वायर काढली होती, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. अॅडव्हायझरने मोबाइलचा दिवा लावून तिचे फोटो काढले आणि 'बाहेरचं फिटिंग' असा शेरा मारला. ती वायर बारा व्होल्टच्या सर्किटवरची. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची, तिचं सर्किट पूर्ण वेगळं, नारिंगी जाड केबलींचं. डॅशकॅममुळे तिच्यातला सेल कसा कमजोर होईल, हे त्याला विचारलं तर "तसं नाही सर, पण कंपनी विचारते" एवढंच उत्तर. जोडलेल्या वस्तूमुळेच बिघाड झाला असेल तर वॉरंटी नाकारता येते, असं पुस्तकात आहे. 'मुळेच' हा त्यातला कळीचा भाग. तो दाखवायचं ओझं नाकारणाऱ्यावर असायला हवं, आणि इथे दाखवायला काही नव्हतं.

तिढा सुटला कसा

फाइल माझ्याकडे आली तेव्हा सर चिडून ग्राहक आयोगात जायच्याच गोष्टी करत होते. आयोगाचा मार्ग त्यांना खुला होता, यात शंका नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी बंगळुरू गाठायला नको. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही या कायद्यात ग्राहकच असतो, त्यामुळे 'गाडी तुमच्या नावावर नाही' या सबबीला तिथे फार दम नव्हता. पण आयोगात निकाल लागेपर्यंत गाडीचं काय? मला वाटत होतं की हा निव्वळ नोंदींचा गुंता आहे आणि तो नोंदींच्याच वाटेने सुटेल.

वॉरंटी द्यायची ती चॅसिस नंबरला. पुस्तकात मालकाचं नाव आरसीशी जुळलं पाहिजे, अशी अट कुठेच नव्हती. अट काउंटरवरच्या संगणकाची होती. म्हणून पहिलं काम, नकार लेखी मागणं. सरांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल पाठवली. त्यात चॅसिस नंबर, वॉरंटी पुस्तकातलं पान आणि कलम, भेटीची तारीख, बिघाडाचा व्हिडिओ (मॅडमनी कासवाचं चिन्ह चालत्या गाडीत शेजारच्या सीटवरच्या मुलीला टिपायला लावलं होतं), आणि शेवटी एकच मागणी: वॉरंटी कोणत्या कलमाखाली नाकारता ते लिहून द्या. रागाचा एकही शब्द नको, असं मी त्यांना निक्षून सांगितलं होतं. काउंटरवरचा माणूस 'होत नाही' सहज म्हणतो. तेच कंपनीच्या लेटरहेडवर कलमासकट लिहायची वेळ आली की वरचे लोक पुस्तक उघडतात.

दुसरं काम विकणाऱ्याचं. कंपनीच्या दृष्टीने गाडी अजून त्याची, तर मग गाडी त्याचीच म्हणून दुरुस्त करून घ्यायला काय हरकत होती? त्याने अमेरिकेतून आपल्या नोंदलेल्या ईमेलवरून कंपनीला कळवलं, की गाडी विकली आहे, नावबदल चालू आहे, आणि दुरुस्तीबाबत सर्व व्यवहार करायचा अधिकार मी यांना देतो. सोबत सहीचं अधिकारपत्र आणि संपर्क क्रमांक बदलण्याची विनंती. माणूस भला होता, पण नुसत्या भलेपणावर विसंबायला नको म्हणून मी त्याला एक निकालही कळवला. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या 2018 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की गाडी विकून ताबा दिला तरी जोवर आरसीवर नाव आहे, तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावावर येते. त्यानंतर त्याची उत्तरं तासाभरात यायला लागली.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला. क्रमांक बदलला, ओटीपी सरांच्या मोबाइलवर आला, जॉबकार्ड वॉरंटीत उघडलं, मालक म्हणून नाव विकणाऱ्याचंच. डॅशकॅमचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

सांगलीच्या वर्कशॉपला मोठी बॅटरी उघडायची परवानगी नव्हती. वॉरंटी देशभर असते, पण हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस प्रत्येक तालुक्याला नसतो, आणि घेताना हे कुणी विचारत नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढवून कोल्हापूरला नेली. चाकं जमिनीवर ठेवून ओढायची सोय या गाड्यांना नाही, चाकाबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते. टोइंगचे पैसे सरांच्या खिशातून गेले, कारण रस्त्यावरची मदत वाढीव वॉरंटीच्या पॅकेजात होती आणि तीही जुन्याच नावावर.

कोल्हापूरला मी सोबत गेलो होतो. तिथल्या तंत्रज्ञाने गाडीभोवती पिवळी साखळी लावली, बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, हातात हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले. घालायच्या आधी प्रत्येक मोजा मनगटाशी पिळून, हवा भरून, कुठे बारीक भोक आहे का ते गालाशी धरून पाहिलं. मग मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि खिशात ठेवला. खिशातच का, विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्या कुणी चुकून लावला तर?" मग थोडा वेळ काही न करता थांबला, कपॅसिटरमधला भार उतरायला. मीटर लावून शून्य बघितलं आणि मगच नारिंगी केबलीला हात घातला. अख्ख्या प्रकरणात ज्याच्या कामावर माझा डोळे मिटून विश्वास बसला असा हा एकच माणूस.

एका मॉड्यूलमधले सेल बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे खाली होते. पॅक पुण्याला गेला, मॉड्यूल बदलून परत आला. बिल शून्य. जॉबकार्डवर बदललेल्या भागाचा नंबर लिहून घ्या, असं मी सरांना सांगितलं. बदललेल्या भागाला नवी आठ वर्षं मिळत नाहीत, मूळ मुदतीतली उरलेलीच मिळतात. पण तोच भाग पुन्हा गेला तर ही नोंद हाताशी लागते.

उरलेलं भांडण

ऑगस्टमध्ये एमएच 10 ची आरसी आली, हिरव्या पाट्या लागल्या. सरांनी ती कंपनीकडे दिली, बॅटरी-मोटरच्या वॉरंटीवर नाव चढलं. वाढीव वॉरंटी मात्र नाकारली. तिच्या अटीत लिहिलंय, की मालकी बदलल्यापासून 30 दिवसांत हस्तांतराचा अर्ज करावा. कंपनी म्हणते, फॉर्म 29 वर विक्रीची तारीख फेब्रुवारीची आहे, मुदत मार्चमध्येच संपली.

जुलैमध्ये याच कंपनीने सरांना 'तुम्ही मालक नाही' म्हणून काउंटरवरून परत पाठवलं होतं. आता म्हणते, तुम्ही फेब्रुवारीपासूनच मालक होता. दोन्ही खरं कसं असेल? मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. तो हिशेब धरला तर मुदत ऑगस्टपासून मोजायला हवी आणि अर्ज वेळेत आहे. वाढीव वॉरंटी हा वेगळा करार आहे, त्यात 'मालकी'चा अर्थ याच कायद्यातून घ्यायचा का, यावर कंपनीचा वकील वाद घालेल हे मी धरून चाललो आहे. म्हणून आमच्या नोटिशीचा मुख्य आधार जुलैची ती ईमेल आहे. तिच्या उत्तरात कंपनीने स्वतःच लिहिलं आहे, की 'आमच्या नोंदीप्रमाणे वाहनाचे मालक आपण नसून…'

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. तिथून सुटलं नाही तर सांगलीच्या जिल्हा आयोगात जाऊ. मोबदला, म्हणजे वस्तू-सेवेसाठी मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही आणि वाढीव वॉरंटीचा मोबदला त्याच्या जवळपासही नाही. रक्कम लहान असली तरी सरांना घाई आहे. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना आवाज करायला लागलाय, आणि तो बॅटरी-मोटरच्या आठ वर्षांत येत नाही.